घरी जंपिंगचा किल्ला आणताय? आधी जागा मोजा, मग पैसे

वाढदिवसाला भाड्याने आणलेल्या जंपिंगवरून पोरं खाली उतरायलाच तयार होत नाहीत, आणि मग आईबाबांच्या मनात येतंच की एकदाच विकत घेऊन टाकलं तर? विचार चांगला आहे. आमच्या रो-हाउसच्या अंगणात असा हवा भरून फुगवायचा किल्ला उन्हाळ्याच्या सुट्टीत उभा राहतो आणि गल्लीतली बरीच मुलं त्यावर उड्या मारतच मोठी झाली आहेत. पण घेताना दुकानदार काय नि ऑनलाइन पान काय, रंग, कार्टून आणि सवलत एवढंच दाखवतात. तो जमिनीला कसा धरून ठेवायचा, वारा सुटला तर काय करायचं, ब्लोअरला, म्हणजे हवा भरणाऱ्या पंख्याला, वायर कोणती लावायची, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. हवा भरलेला किल्ला म्हणजे अंगणात उभारलेलं शीडच. पसारा मोठा, वजन कमी. त्याला सगळ्यात मोठा धोका वाऱ्याचा. १६ डिसेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात डेव्हनपोर्टच्या एका शाळेच्या मैदानावर असा किल्ला वावटळीने उचलला आणि सहा मुलं गेली. त्यानंतर महिन्याभरातच स्पेनमध्ये वालेन्सियाजवळच्या मिस्लाता इथे दोन मुली दगावल्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००० ते २०२१ या काळातल्या वाऱ्यामुळे झालेल्या १३२ घटना जगभरातून गोळा केल्या. त्यांत किमान २८ जणांचा जीव गेला होता आणि ४७९ जण जखमी झाले होते. भीती घालायला हे सांगत नाही. मेखा आणि दोऱ्या यांवर मी पुढे एवढं का लिहिलंय, ते कळावं म्हणून सांगतेय.

१. आधी जागा ठरवा

गच्चीवर किल्ला लावू नका. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना पहिली गच्चीच आठवते, म्हणून स्पष्ट सांगते. वर वारा खालच्यापेक्षा जोरात असतो, कोब्यात मेख ठोकता येत नाही आणि कठडा तीन-साडेतीन फुटांचाच असतो. किल्ल्यावर उडी मारणाऱ्या मुलाचे पाय त्या कठड्याच्या उंचीच्या आसपास पोचतात. "चारी बाजूंनी दोऱ्या बांधू" म्हणणाऱ्या आजोबांना, काकांना प्रेमाने पण ठाम नाही म्हणा.

चांगली जागा म्हणजे मातीची किंवा हिरवळीची सपाट जमीन. चारी बाजूंना किमान सहा फूट मोकळं हवं आणि दाराच्या बाजूला त्याहून जास्त. म्हणजे ९ बाय ९ फुटांच्या किल्ल्याला निदान २१ बाय २१ फूट. टेप घेऊन खरंच मोजा, अंदाजाने नको. वर मान करून बघा: विजेच्या तारा, केबल, झाडाची वाळकी फांदी. कोकणात आणि गोव्यात अंगणात नारळ असतोच, त्याच्याखाली तर नकोच. जमिनीला उतार असेल तर मुलं एका कोपऱ्यात गोळा होतात आणि एकमेकांवर आपटतात.

घरात, हॉलमध्ये लावायचा असेल तर पंखा बघा. फुगलेला तळ जमिनीपासून फूट-दीड फूट वर येतो, त्यावर मूल, वर केलेले हात आणि उडी. हिशेब केलात तर हात थेट पात्यांपर्यंत पोचतो. पंखा बंद ठेवणं हा उपाय नाही, कारण सवयीने कुणीतरी येऊन बटण दाबतंच. पंख्याखाली लावूच नका.

सोसायटीच्या मोकळ्या जागेत लावणार असाल तर सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र द्या: तारीख, वेळ, जागा, वीज कुठून घेणार. वीज सामाईक मीटरवरून घेणार असाल तर तेही लिहा. तोंडी परवानगीवर विसंबलं की ऐन वाढदिवशी कुणाची तरी गाडी तिथे उभी असते.

२. कोणता प्रकार आपल्याला चालेल

बाजारात घरगुती वापरासाठी दोन प्रकार मिळतात. पहिला पंपाने हवा भरून बूच लावायचा, पोहण्याच्या फुगवायच्या टबासारख्याच पीव्हीसीचा. तो लहान असतो, काही हजारांत मिळतो, वीज चालू ठेवावी लागत नाही. तीन ते सहा वर्षांच्या एक-दोन मुलांना ठीक. एक भोक पडलं की मात्र खेळ संपला.

दुसरा ब्लोअरवाला. यात पंखा सतत चालू असतो आणि शिवणींतून हवा सतत बाहेर पडत असते. नवीन घेणारे इथेच घाबरतात: "अहो, शिवणीतून हवा येतेय, माल खराब दिला!" तसं नाही. या प्रकारात शिवणीतून हवा येणं हे बरोबरच आहे. मुलं उडी मारतात तेव्हा दाब तिथून निघून जातो, म्हणून कापड फाटत नाही. किंमत पहिल्या प्रकाराच्या कित्येक पट, पण मुलं शाळेत जाणारी असतील तर हाच घ्या.

कापडात घरगुती किल्ले बहुतेक ऑक्सफर्ड कापडाचे असतात; ४२० डेनियर, ८४० डेनियर असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा तितका धागा जाड. उड्या मारायचा तळ तरी ८४० चा असावा. जत्रेत, लग्नाच्या हॉलवर दिसतात ते जाड पीव्हीसी ताडपत्रीचे. टिकतात खूप, पण वजन इतकं की घडी घालून उचलायला चार माणसं लागतात आणि ब्लोअरही एक-दोन हॉर्सपॉवरचा. घरासाठी तो व्याप मला तरी पटत नाही.

मापाचा एक सापळा: जाहिरातीत बाहेरचं माप देतात. बुरूज, घसरगुंडी, पायरी सगळं धरून. "१२ बाय ९" मध्ये प्रत्यक्ष उड्या मारायची जागा सहा बाय सहा निघू शकते. आतलं माप विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

३. पैसे देण्याआधी काय तपासायचं

भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का असणं सक्तीचं आहे. खोक्यावर शिक्का बघा आणि त्याच्याजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक शोधा. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना कोणत्या मालासाठी आहे ते दिसतं. नुसता शिक्का छापलेला आणि क्रमांकच नाही, असं दिसलं तर तो माल सोडा. आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कोणत्या देशात बनला हे वेष्टनावर असायलाच हवं. उद्या ब्लोअर जळला तर भांडायला कुणीतरी समोर लागतं.

ब्लोअरचं लेबल स्वतः वाचा. २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं हवं. अमेरिकेतल्या मावशीने सेलमध्ये घेऊन पाठवलेल्या किल्ल्याचा ब्लोअर ११०–१२० व्होल्टचा असतो, तो आपल्या प्लगला लावला की जळतो. कापड चांगलं असेल तर इथे त्याच ताकदीचा ब्लोअर वेगळा विकत घ्या, छोट्या कन्व्हर्टरच्या नादाला लागू नका. इंग्लंड, दुबईहून आणलेला ब्लोअर व्होल्टेजला चालतो, पिन मात्र बदलावी लागते.

मग शिवण. तळ आणि भिंत जिथे जुळते तिथे बोटाने चाचपून बघा. दुहेरी शिवण आणि आतून पट्टी हवी. बांधायच्या कड्या मोजा. सार्वजनिक वापराच्या किल्ल्यांसाठी ईएन १४९६० हे युरोपीय मानक किमान सहा जागी बांधणं मागतं. घरगुती किल्ल्यांना कधीकधी चारच कड्या असतात. मी तरी सहाहून कमी कड्यांचा घेणार नाही. जाळी बोट अडकणार नाही इतकी बारीक असावी.

ही कागदपत्रं एका पाकिटात ठेवा: पक्कं बिल, वॉरंटी कार्ड (ब्लोअर आणि कापडाची वॉरंटी बहुधा वेगळी असते), माहितीपुस्तिका, परवाना क्रमांकाचा आणि ब्लोअरच्या लेबलचा फोटो. ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते आणि तेव्हा हीच कागदं लागतात.

४. किल्ल्याबरोबर आणखी काय आणायचं

खोक्यात जे येतं त्यावर भागत नाही. हे वेगळं आणा:

- जाड ताडपत्री, किल्ल्यापेक्षा चारी बाजूंनी फूटभर मोठी
- लोखंडी मेखा आणि त्या ठोकायला मोठा हातोडा
- नायलॉनची दोरी
- दाराशी अंथरायला मऊ मॅट, दोन इंचांपर्यंत जाड. त्याहून जाड गादीवर पाय मुरगळतो.
- तीन तारांची १.५ चौरस मिमीची एक्स्टेंशन वायर, एकसंध लांबीची
- पॅचचं कापड, जाड सुई, नायलॉनचा दोरा
- शिट्टी

५. मेखा: इथे कंजुषी नको

खोक्यात येणाऱ्या मेखा बहुधा पेन्सिलीएवढ्या जाड आणि वीतभर लांब असतात, काही तर प्लास्टिकच्या. त्या बाजूला ठेवा. ब्रिटनमधल्या सार्वजनिक वापराच्या किल्ल्यांसाठी ३८० मिमी लांब आणि १६ मिमी जाड लोखंडी मेख सांगितली आहे. जवळच्या वेल्डिंगवाल्याला १६ मिमीच्या सळईचे पंधरा इंचांचे तुकडे कापायला सांगा, एका टोकाला धार आणि दुसऱ्या टोकाला कडी किंवा गोल डोकं. अर्ध्या तासाचं काम आहे. डोकं गोलच करून घ्या, धावणाऱ्या मुलाचा पाय त्यावर पडू शकतो.

मेख सरळ खाली ठोकायची नाही. किल्ल्याच्या उलट दिशेला डोकं झुकलेलं राहील अशी तिरकी ठोका आणि जमिनीबाहेर जेमतेम डोकं दिसू द्या. मग दोरी दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून ओढा. मेख हलली तर जागा बदला. मुरमाड जमिनीत ठोकायला घाम निघतो, पण धरते छान. काळ्या मातीचा भरवसा नाही: उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात, त्यात मेख लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच बाहेर येते. पावसानंतरच्या ओल्या काळ्या मातीत तर लावूच नका.

पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंटवर वाळूच्या पिशव्या ठेवू, असं बरेच जण म्हणतात. त्याचा हिशेब करून दाखवते. वर सांगितलेल्या ईएन १४९६० मानकात प्रत्येक बांधणीने १६०० न्यूटनची ओढ सोसावी अशी अट आहे. वजनात ती १६३ किलो होते, म्हणजे सिमेंटच्या ५० किलोच्या तीन गोण्यांहूनही जास्त, तीही प्रत्येक कडीला! किल्ल्याबरोबर येणाऱ्या पाच-सहा किलो वाळूच्या पिशव्या वाऱ्याला काहीच नाहीत. पक्क्या जमिनीवर मोकळ्या हवेत घरगुती किल्ला लावू नये, हे माझं मत त्यातूनच झालंय. दोरी स्कूटरला, गॅलरीच्या गजाला किंवा पाण्याच्या पाइपला बांधणं हीसुद्धा बांधणी नव्हे.

६. वीज

घरगुती ब्लोअर साधारण ३५० ते ५०० वॅटचा असतो. दोन तास चालला तर जेमतेम एक युनिट, बिलाची चिंता नको. चिंता अर्थिंगची करा. प्लग तीन पिनांचा, सॉकेट अर्थिंग असलेलं आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवा. त्याच्यावरचं 'टी' बटण दाबून तो पडतो का ते त्याच दिवशी तपासा.

एक्स्टेंशनची वायर पूर्ण उलगडून टाका, गुंडाळी तशीच ठेवली तर ती तापते. टेप लावून जोडलेले सांधे नकोत. बोर्ड जमिनीवर नको, खुर्चीवर किंवा विटांवर उंच ठेवा. वायर मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेतून नेऊ नका. ब्लोअर मागच्या बाजूला, किल्ल्यापासून चारेक फूट लांब ठेवा, म्हणजे नळी सरळ राहते. त्याच्या जाळीला ओढणी, मोकळे केस, बोटं लागू नयेत म्हणून दोन खुर्च्या आडव्या लावल्या तरी पुरतं. पाण्याच्या घसरगुंडीसाठी म्हणून विकलेला नसेल, तर साध्या किल्ल्यावर पाइपने पाणी सोडू नका.

७. उभारणी

जमीन झाडून घ्या आणि हात फिरवून खडे, काचा, बाभळीचे काटे वेचा. ताडपत्री, त्यावर किल्ला, दार वाऱ्याच्या उलट दिशेला. नळी ब्लोअरच्या तोंडावर चढवून पट्टा आवळा. जादा नळी असेल तर पीळ देऊन घट्ट बांधा, हवा सोडायच्या चेन बंद करा. वारा येतो त्या बाजूच्या दोन दोऱ्या आधी बांधा, मग ब्लोअर चालू करा, फुगला की उरलेल्या सगळ्या. फुगत असताना एकही मूल जवळ नको, कारण अर्धवट फुगलेल्या कापडात लपायला मुलांना फार आवडतं. भिंत ढकलल्यावर पुन्हा ताठ उभी राहिली की समजा तयार.

८. मुलांना आत सोडताना

अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात फुगवायच्या किल्ल्यांवर जखमी होऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या सुमारे ६५ हजार मुलांचा अभ्यास झाला. एक चतुर्थांशाहून जास्त मुलांचं हाड मोडलं होतं आणि पडणं हे सगळ्यात मोठं कारण होतं. घरी दोन नियमांनी यातलं पुष्कळसं टळतं: एका वेळी थोडी मुलं आणि एकाच चणीची. चार वर्षांच्या चिमुरडीबरोबर बारा वर्षांचा दादा उड्या मारतो तेव्हा तो खाली येतो आणि ती वर उडते. म्हणून पाळी लावा: दहा मिनिटं लहानांची, दहा मिनिटं मोठ्यांची. शिट्टी त्यासाठीच.

पुस्तिकेत "कमाल १०० किलो" लिहिलं म्हणून २५ किलोची चार मुलं आत सोडायची असं नाही. सहा बाय सहा फुटांत दोन, फार तर तीन. तीन वर्षांखालचं बाळ नको, मोठ्या माणसाच्या कडेवर बसूनही नको.

बूट-चपला बाहेर. चष्मा, कडं, पैंजण, गळ्यातली साखळी, केसांतली टोकदार क्लिप, खिशातली पेन्सिल सगळं एका डब्यात काढून ठेवा. तोंडात चॉकलेट किंवा च्युइंगगम नको. कोलांट्या नको, भिंतीवर चढणं नको, दारात बसणं नको.

आणि दाराशी एक मोठं माणूस, ज्याच्या हातात मोबाइल नाही. वाढदिवसाला प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणीतरी बघतंय, म्हणून नाव घेऊन काम सोपवा: "पाच ते साडेपाच आत्या, साडेपाच ते सहा बाबा."

९. वारा, ऊन, पाऊस आणि लाईट

ईएन १४९६० नुसार सार्वजनिक किल्ल्यालाही ताशी ३८ किमीपेक्षा जास्त वाऱ्यात परवानगी नाही. घरगुती किल्ला त्याहून हलका, त्याची मर्यादा पुस्तिकेत बघा, ती कमीच असते. मोजायचं यंत्र नसलं तरी चालेल. अंगणातली धूळ आणि कागद उडायला लागले म्हणजे वारा ताशी वीस किमीच्या पुढे गेला. आमच्याकडे तिथेच खेळ थांबतो.

आपल्याकडे धोक्याचे महिने नेमके सुट्टीचे, मार्च ते मे. दुपारी रणरणत्या उन्हात, आभाळ निरभ्र असताना वावटळ उठते. डेव्हनपोर्टलाही वादळ नव्हतं, वावटळच होती. दुपार ओसरली की वळीव. आधी गार वाऱ्याचा झोत येतो आणि पाऊस नंतर. तो गार झोत अंगाला लागला की पाच मिनिटं थांबून बघू असं नाही, मुलं लगेच बाहेर. सकाळीच 'मौसम' ॲपवर वाऱ्याचा अंदाज बघा आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' ॲप विजांसाठी मोबाइलमध्ये ठेवा.

मुलं बाहेर आल्यावर हवाही सोडा. रिकामा पण फुगलेला किल्ला मुलांसह असलेल्यापेक्षा लवकर उडतो.

उन्हाचं म्हणाल तर विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच. तळावर हाताचा पंजा दहा सेकंद ठेवून बघा, ठेववत नसेल तर मुलांच्या तळपायांनाही सोसणार नाही. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम आणि दमट होते, म्हणून दर पाळीनंतर पाणी प्यायला लावा.

लाईट गेली की ब्लोअर थांबतो आणि छप्पर-भिंती मिनिट-दोन मिनिटांत खाली बसतात. मुलांना आधीच शिकवा: पंख्याचा आवाज थांबला की खेळ थांबवायचा, ढकलाढकली न करता रांगत दाराकडे यायचं. पहिल्या दिवशी मुद्दाम ब्लोअर बंद करून सराव घ्या. दारातलं मोठं माणूस तोवर दाराची कमान दोन्ही हातांनी उचलून धरतं. घरच्या इन्व्हर्टरवर ब्लोअर चालवायच्या भानगडीत पडू नका. लाईट आली तरी मुलांना बाहेर ठेवूनच पुन्हा फुगवा.

१०. आवरणं आणि ठेवणं

खेळ संपला की लगेच घडी घालू नका. फुगलेल्या अवस्थेतच ओल्या फडक्याने पुसा. डाग असेल तर कपड्याच्या साबणाचं पातळ पाणी चालेल, ब्लीच नको. मग ब्लोअर तासभर चालू ठेवा. कोपऱ्यातल्या शिवणी आणि तळाची खालची बाजू शेवटी वाळतात, तिथे हात लावून खात्री करा. जराशी ओल राहिली तर पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पंधरा दिवसांत काळी बुरशी धरते आणि तो वास जात नाही.

घडी घालून कापडी पिशवीत आणि ती पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा. माळ्यावर नुसती पिशवी टाकली तर उंदीर नेमका घडीवर कुरतडतात आणि उलगडल्यावर एकाच्या जागी आठ भोकं निघतात. छोटं भोक दोन्ही बाजूंनी पॅच लावून शिवता येतं. तळ आणि भिंतीची शिवण वीतभराहून जास्त उसवली, तर बॅगा-तंबू शिवणाऱ्याकडून जाड मशीनवर दुहेरी शिवून घ्या. बांधायच्या कडीपाशी कापड फाटलं असेल आणि शिवूनही ओढल्यावर ताणलं जात असेल, तर तो किल्ला पुन्हा फुगवू नका आणि दुसऱ्या कुणाला देऊही नका. ब्लोअर तेवढा काढून ठेवा, पुढच्या किल्ल्याला कामाला येतो.